बटणं

शेडला खिडकी नाही, ते बरंच आहे.
ह्यांना उजेड नको असतो, वारा तर नकोच;
हवेचा एक घोट म्हणजे मरण.
दर मंगळवारी सातला मी कुलूप काढते
आणि स्टीलच्या टाकीला कान लावते.
आतलं काही ऐकू येत नाही, हे माहीत असूनही.

मागे प्रेबेन उभा, दोन कप कॉफी घेऊन.
ऐंशी उलटलेली. समोरचं ड्रायक्लीनिंगचं दुकान त्याचंच.
युटलंडमधल्या ह्या गावाचे लग्नातले कोट,
पाद्रीबुवांचे काळे झगे, खाटकाच्या बायकोची शाल,
तीस वर्षं सगळं त्यानं पर्कमध्ये बुडवून काढलं,
आणि तळाचा गाळ ओतला मागच्या दारी, एल्डरच्या झुडपाशी.
"विकणारा म्हणायचा, उडून जातं."

उडालं नाही.
पाण्याहून जड ते. वाळूतून खाली, आणखी खाली,
चिकणमातीवर जाऊन बसलं,
आणि तिथून सरकत राहिलं गुड्रुनच्या विहिरीकडे,
कसलीही घाई न करता.

"आज किती बटणं?" तो विचारतो.
एकदा मी त्याला कागदावर काढून दाखवलं होतं:
दोन कार्बन, त्यांना चार क्लोरीन.
"चार बटणांचा कोट," तो म्हणाला, आणि तेव्हापासून
आमच्यात दुसरा शब्द नाही.
त्याच्याकडे एक बरणी आहे,
गिऱ्हाइकांच्या कपड्यांवरून निसटलेल्या बटणांची.
कोणीच मागायला आलं नाही.

टाकीत ती बटणं सोडवणारा कोणी एकटा नाही.
एकजण लॅक्टेट खाऊन हायड्रोजन सोडतो,
दुसरा तोच हायड्रोजन पळवतो आणि मिथेन करून बसतो,
तिसऱ्याकडे एक जीवनसत्त्व, जे चौथ्याला जन्मात जमलं नाही,
आणि तो चौथा, चपटा, चकतीसारखा, हेकट,
क्लोरीनवाचून ज्याला श्वासच घेता येत नाही,
सगळ्यांकडून उसनं घेऊन
एकेक बटण काढत बसतो.
उसनवारीचं घर. पण चाललेलं.

फेब्रुवारीत वादळ झालं. नऊ तास वीज नव्हती,
एक सील ढिलं पडलं, हवा आत गेली.
त्यानंतर आलेखावर चार, तीन, दोन, एक,
आणि एकावरच थांबलं.
एका बटणाचा कोट सर्वांत विषारी,
हे मी त्याला तोवर सांगितलं नव्हतं.
"म्हणजे होतं त्याहून वाईट?"
हो म्हणाले.
कॉफी त्यानं गवतात ओतली. मग ओतलेल्या जागेकडे बघत राहिला.

गुड्रुनच्या विहिरीवर निळं झाकण आहे, पालिकेचं.
तिचा नवरा यकृतानं गेला.
कोणी कोणाला काही म्हटलं नाही, सिद्ध तर काहीच झालं नाही.
बेकरीत प्रेबेन आत आला की
ती हातातली सुटी नाणी पुन्हा मोजायला घेते.

एप्रिलात दुसऱ्या गावच्या टाकीतून गाळ आणला,
बिअरच्या पिंपात, बंद, काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा.
विरजणच ते.
"आई पण असंच करायची," प्रेबेन म्हणाला,
"दूध नासलं की शेजारून चमचाभर."
अकरा आठवडे गेले.
ते उतले नाहीत, मातले नाहीत. आम्हीच उतावीळ.

जुलैच्या शेवटी कागदावर एक बुटका उंचवटा:
एथीन. एकही बटण नाही.
फळं पिकवणारा वायू तोच, मी सहज बोलून गेले.
पुढच्या मंगळवारी त्यानं
मुलीच्या काचघरातला एक हिरवा टोमॅटो आणून टाकीवर ठेवला.
मी म्हटलं, टाकी बंद आहे, बाहेर काही येत नाही.
"असू दे."

नऊ दिवसांत लाल झाला. कुठेही झाला असता.
नंतरच्या मंगळवारी तो टाकीवर नव्हता,
आणि रस्त्यापलीकडच्या फाटकाची कडी
निघालेली दिसली; वाऱ्यानंही निघते ती.
मी विचारलं नाही.
नोंदवहीत लिहिलं: एथीन, थोडं. तापमान सतरा.
झाकण अजून निळंच.