गुंजभर

ऑर्विलच्या ट्रकमधून आम्ही दोघे दारू आणायला निघालो.
हे एवढंच आईला फोनवर सांगितलं असतं
तर तिनं पुढचं ऐकलंच नसतं.
बंदुकीची दारू गं. काळपट कण,
खसखशीहून जरा मोठे, चपटे.
ओहायोतल्या चिलिकॉथीत ती
मासे धरायच्या गळांशेजारी मिळते,
डब्यावर किमतीची चिठ्ठी डकवलेली.

ऑर्विल स्टकी. वय एक्क्याऐंशी.
कागदाच्या गिरणीचं पेन्शन,
खिशात पासष्ट डॉलर, रबरबँड लावून.
घरी हत्यारं दोन:
त्याचं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल
आणि लडॉनाचं अडतीसचं जुनं रिव्हॉल्वर.
लडॉना दोन वर्षांमागे गेली.

नव्या गोळ्या परवडत नाहीत,
म्हणून शनिवारी झाडलेल्या पुंगळ्या
तो वाकून वाकून वेचतो,
धुतो, वाळवतो, पुन्हा भरतो.
(आमच्याकडे नाही का, बिस्किटांच्या डब्यात
वीस वर्षं साबुदाणा नांदतो.)

दुकानातली टिअर्नी अकरा डबे मांडते.
ही पटकन जळते, ती सावकाश.
ही मापातून सरळ ओघळते,
ती अडते, मग टिचकी मारावी लागते.
हिनं बोटं काळी होतात, ती स्वच्छ, पण महाग.
ऑर्विलला एकच हवी, दोघांना चालणारी.
मी म्हणालो, म्हणजे गोडा मसाला,
आमटीलाही तोच, भरल्या वांग्यालाही.
त्याला काही कळलं नाही. त्यानं मान डोलावली.

त्याची अट वेगळीच होती:
"पुंगळीत जरा फुगून बसणारी दे.
म्हातारा आहे, चुकून दोनदा घातली
तर वर येऊन डोळ्यांना दिसली पाहिजे."
दोन्हीकडे पहिला नंबर नसलेली,
पण दोन्हीकडे पास होणारी
एक मळकट चिठ्ठीची बरणी त्यानं उचलली.
मग खिशातून छापील तक्ता काढून
दोन्ही नावांपुढं तिचा आकडा आहे ना, ते पाहिलं.
आकडा नाही तर दारू नाही,
इथं त्याची काटकसर थांबते.

आठ पौंडी डबा घेतला असता
तर पौंडामागे बारा डॉलर वाचले असते.
मी म्हणालो, उरलेले पैसे मी घालतो, नंतर दे.
तो पावतीच्या पाठीवर हिशेब करू लागला:
बारा हजार गोळ्या.
शनिवारी पन्नास.
दोनशे चाळीस शनिवार.
पेन्सिल तिथंच टेकवून राहिला.
"तेवढे शनिवार
कोणत्या कपाटात ठेवू?"
टिअर्नीनं उगाच काउंटर पुसला.

एक पौंड घेतला.
बेचाळीस डॉलर आणि वर कर.
उरलेल्यात आम्ही सूप प्यायलो, ते खारट होतं.

रात्री गॅरेजमध्ये त्याचा विजेवरचा काटा आकडे विसरला,
तेव्हा त्यानं जुना तराजू काढला, पितळी, दांडीचा,
आणि माझा हात आपोआप पुढं झाला.
पाचोऱ्याला आमची सोनाराची पेढी होती;
बाबांच्या मागं मला मिळालं ते एवढंच,
पाकिटात एक गुंज,
लाल, डोक्यावर काळा ठिपका.
पारड्यात ठेवली. दांडी थरथरली, थांबली.
"पावणेदोन ग्रेनच्या वर, दोनच्या आत," तो वाचू लागला.
"हे काय मोजायचं?"
म्हटलं, मंगळसूत्राचं सोनं.
पोरींच्या नाकातल्या चमक्या.

पुंगळ्यांच्या दोन रांगा होत्या.
त्यानं आधी अडतीसच्या घेतल्या.
तक्त्यातला सगळ्यात खालचा आकडा लावला,
मोठ्या धक्क्यानं लडॉनाचं मनगट दुखायचं म्हणून.
बंदिस्त गॅरेजमध्ये वारा कुठला, तरी
प्रत्येक मापाला आम्ही दोघांनी श्वास रोखला.

पन्नास झाल्या. डबीवर त्यानं तारीख घातली,
खाली तिचं नाव,
आणि मला म्हणाला, शनिवारी ये,
ते बंद पडून गंजायला नको.
मी आयुष्यात चाप ओढलेला नाही.
गुंज पाकिटात ठेवली
आणि किती वाजता, ते विचारलं.