अकरा मिनिटं

फणसवाडीतल्या आमच्या जिन्यावरून
शूटिंगवाल्यांची मुलगी वर आली, दोन पत्रिका घेऊन.
एक मोबाइलमध्ये, एक प्लास्टिकच्या फोल्डरात.
जुळतात का बघा, म्हणाली.
सवयीनं विचारलं, मुलगा कुठला?
ती हसली. लग्न नाही हो, सिनेमा आहे,
विश्वंभरबुवा मयेकरांवर.
हा त्यांचं काम करणारा, निहार.
निर्मात्यांची श्रद्धा आहे, म्हणून.

चंद्रावरून गुण काढले. छत्तीसात साडेसव्वीस.
एवढ्यावर चाळीस चाळीस वर्षं
सुखानं भांडलेली जोडपी आहेत माझ्याकडे.

मग अप्पांची वही काढली.
मयेकर, वि. श्रावण, शके अठराशे सदुसष्ट,
उत्तररात्री एक वाजून बावन्न.
शेजारी बारीक अक्षरात:
मुंबई टाइम की स्टँडर्ड? आईस आठवत नाही.
लग्न वृषभ. दुसऱ्या घरात,
वाणीच्या घरात,
शनी.

मला आठवतो तो.
सव्वीस वर्षांचा, गोदीत कारकून, कॉलर कडक,
तीन मैफलींतून गळा धरला म्हणून उठून आलेला.
अप्पांना म्हणाला, शनी अजून तिथंच आहे का?
पागडीच्या भाडेकरूबद्दल विचारावं तसं.
मी दाराआड चिंच चोखत उभी.
अप्पांनी सुपारी कातरली.
बराच वेळ कातरली.
मग म्हणाले,
तुमच्या खोलीतलं घड्याळ मागे पडलेलं असणार.
बाळंतपणाच्या गडबडीत चावी कोण देतो?
आणि एक बावन्नवर रेघ मारून
शाईनं लिहिलं, दोन वाजून तीन.

वृषभ मावळलं, मिथुन उगवलं.
शनी वाणीच्या घरातून निघाला
आणि लग्नी येऊन बसला,
सगळ्या अंगावर, पण गळा सोडून.
स्मॉल कॉजेस कोर्टात ह्याला
तीस वर्षं लागतात.

पुढं तो गायला.
कसा, ते जाणकारांनी सांगावं.
मला पुढच्या सतरंजीवरून एवढंच दिसायचं
की तार पंचमाकडे जाताना
तो एकदा मागे बघायचा, डाव्या खांद्यावरून,
कुणी अडवत नाहीये ना,
आणि मग जायचा.
तंबोऱ्यावरच्या पोराला वाटायचं, आपलं काही चुकलं.

दुसऱ्या दिवशी निहार स्वतः आला.
पाणी प्यायला, पाय दुमडून नीट बसला.
गाणार दुसराच कुणीतरी, म्हणाला, मी फक्त गळा हलवणार,
आणि हलवून दाखवला. शीर सुद्धा उभी राहिली.
त्याचं लग्न मिथुन.
दोन वाजून तीनशी अंश न् अंश जुळणारं.
एक बावन्नशी द्विर्द्वादश,
म्हणजे एकाच खोलीत पाठीला पाठ लावून निजणारी दोघं.

तुमची वेळ पक्की ना? मी विचारलं.
एकदम पक्की. सिझेरियन.
आईनं मुहूर्त काढून घेतला होता दादरला कुणाकडून.
डॉक्टर हातमोजे घालून थांबले होते म्हणे.
मग तोच म्हणाला,
आणि बुवांची?

वही माझ्या मांडीवर उघडी होती.
पंख्यानं पान उडत होतं, मी बोट ठेवलं होतं
नेमकं त्या रेघेवर.

शलाकाच्या कागदावर लिहून दिलं: योग आहे.
फीच्या पाकिटावर निर्मात्याचा गणपती छापलेला.

मग त्याला म्हटलं,
तार पंचमाकडे जाताना मागे बघा. डाव्या खांद्यावरून.
का?
तसं बघायचे.
कुणाकडे?
ते नका विचारू. नुसतं बघा.

दारात चपला घालता घालता
त्यानं दोन-तीनदा करून पाहिलं.
पहिल्यांदा मान जास्त वळली.
दुसऱ्यांदा डोळे हसले.
तिसऱ्यांदा
मी वही मिटली.