वारा

बेसाकिहच्या सगळ्यात वरच्या देवळामागे
आम्ही एक यंत्र पुरून ठेवलंय, तांब्याएवढं.
डोंगराच्या पोटात काय चाललंय ते ऐकायचं, एवढंच त्याचं काम.
त्याच्या रेघा इकडे रेंदांगच्या चौकीत
रात्रभर माझ्यासमोर सरकतात.

सप्टेंबरात आगुंग कुशीवर वळला.
दिवसाला सहाशे धक्के, कधी आठशे.
बारा किलोमीटरच्या आतलं सगळं उठलं:
माणसं, डुकरं, चटया, झुंजीचे कोंबडे टोपल्यांसकट.
गाई निम्म्या भावाने गेल्या.
खाली क्लुंगकुंगच्या क्रीडागृहात
बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेषांमध्ये एकेक कुटुंब.
याद्या झाल्या. नाव, वय, गाव, दुखणं.
देवांची नावं कुणी घातली नाहीत.

आणि मग रोज पहाटे पाचच्या सुमारास
मोठ्या रेघांच्या तळाशी
एक बारीक खरवड दिसू लागली.
थांबायची, मग पुन्हा
टिक. टिक.
कुणी नखाने दार वाजवावं तशी.

वाचायला मला चार दिवस लागले.
खोली शून्य. लाव्हा नव्हे.
तिसऱ्या वळणावर गचके खाणारी जुनी स्कूटर,
आणि नंतर अनवाणी
पायऱ्या चढणारी एक बाई.

देसाक रत्निंग. वय एकसष्ट. दुखणं: गुडघे.
मी गेलो तेव्हा ती कोवळ्या माडपानाचे
तळहाताएवढे द्रोण टाचत होती.
म्हटलं, मावशी, वर जाता?
मान वर न करता म्हणाली,
"सगळ्यांना ट्रक दिलेत. त्यांना विचारलंत?"
वर तर दगडी आसन रिकामंच असतं, मी म्हणालो.
"तुझी खुर्चीही आत्ता रिकामीच आहे ना रे चौकीत?"

काय मागता डोंगराकडे?
"मागते कुठे? सांगून येते.
आज भात एवढाच. आज फुलं शिळी.
शेजाऱ्याला न सांगता निघालो आपण सगळे.
परत जाताना कोणत्या तोंडाने जायचं?"

बांडुंगहून साहेबांचा फोन:
पहाटे पाचला रोज काय दिसतंय?
वारा, साहेब.
रोज एकाच वेळी?
इकडचा वारा वक्तशीर आहे.
पलीकडे जरा वेळ कुणीच बोललं नाही.
मग म्हणाले, लिहा, वारा.

नोव्हेंबरात राख पडली.
अकरा छपरांचं काळं गवत एका रात्रीत म्हातारं झालं.
रस्ते मिटले. चौकीच्या काचेवर मी बोटाने
खिडकीएवढी खिडकी पुसली आणि बसून राहिलो.
पाच वाजले.
सव्वापाच.
वीस.

मग रेघ हलली.
पावलांची नव्हती ती. लांब, आडवी,
एका लयीत, मध्येच श्वासाएवढी थांबणारी,
पुन्हा सुरू.

ती झाडत होती.

मी पेन उचललं. आज मात्र
'वारा' लिहायला हात धजेना.
रकाना तसाच कोरा ठेवला,
त्या आसनासारखा.