युनिट

लोटलीच्या चढावर, चिकूच्या झाडाआड
मिनेझिसांचं घर.
सहा वर्षं मी त्याच्या मीटरवरची कोळिष्टकं पुसतो
आणि मागच्या खेपेचाच आकडा पुन्हा लिहितो.
साहेबांनी एकदा विचारलं, मीटर अडकलाय का?
म्हटलं, मीटर ठीक आहे साहेब. माणसं गेलीत.

बोस्त्यांव स्विंडनला, पिएदाद सेतुबलला.
दोघांचे पासपोर्ट आजोबांच्या एकाच जन्मनोंदीतून निघालेले.
तिच्यात आजोबांचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी होतं,
ते सारखं करायला वकिलाने घेतले
माझे तीन पगार.

किल्ली माझ्याकडे, म्हणून फोनही मलाच.
बोस्त्यांव म्हणतो, मीटरकारा, तासाला बारा पौंड!
ती महिनाभर राबते
तेवढं मी नऊ दिवसांत काढतो.
पिएदाद म्हणते, काढतो ना, आणि ठेवतो कुठे?
एका खोलीत. कपाट उघडलं की दार उघडत नाही.
चार वाजता काळोख.
माझ्याकडे ऊन आहे, बांगड्यासारखी सार्दिन आहे,
कॉफी पाण्याच्या भावात.
तो म्हणतो, तिला विचार डॉक्टरची तारीख कधीची.
ती म्हणते, त्याला विचार दाढ कुठे काढली.
(मडगावला काढली. विमानाचं तिकीट धरूनही
स्वस्त पडली, हे त्यानेच मला हसत सांगितलं होतं,
गाल सुजलेला असताना.)

कोण वर, कोण खाली, हे मला कसं कळावं?
मी फोंड्यापलीकडे फक्त बेळगाव पाहिलंय.
पण दोघांचे मीटर मी खोदून खोदून विचारले.
त्याच्या मीटरला आधी पैसे भरवावे लागतात,
ते संपले की मध्यरात्री हीटर गप्प.
तिच्या घरात हीटरच नाही;
जानेवारीत रस्त्यापेक्षा स्वयंपाकघर गार,
ती कोट घालून कांदा चिरते.
एकोणीस वर्षं मी उजेड मोजला, पंखे मोजले, पंप मोजले.
थंडी मोजायला कुणी सांगितली नव्हती.

घरी सलोनी वहीच्या शेवटच्या पानावर
दोन रकाने आखून बसलेली.
पगार, भाडं, बस, विमा, पावाची किंमत.
नर्सिंगचं तिसरं वर्ष. म्हणते, पप्पा, तुम्ही बोलता ना त्यांच्याशी,
नीट आकडे आणा.
मी आणतो.
तिची आई पेजेचं भांडं जरा जोरात ठेवते.

आता एक गंमत सांगतो, खात्याबाहेर जाऊ देऊ नका.
बिल कोणी भरायचं यावर त्या दोघांचं
दोन वर्षांपूर्वी फाटलं, अजून बोलत नाहीत.
आणि दोघंही भरतात.
स्थिर आकार तो एवढासा, तोही दोनदा,
त्यामुळे अख्ख्या वाड्यात पंचवीस घरांची थकबाकी
आणि बंद घराची रक्कम सरकारजमा, वाढत चाललेली.
चढावरचं सगळ्यात सुखवस्तू ते घर.
त्यात एक पाल राहते.

मग या डिसेंबरात पिएदादचा फोन,
नाताळाला बाल्कांवात नखेत्र लाव, रात्रभर राहू दे,
मला फोनवर दाखव. बोस्त्यांवाला सांगू नकोस.
तासाभराने त्याचा.
स्वयंपाकघरातला जुना बल्ब पेटतो का बघ.
पेटला तर ठेव तसाच, सकाळपर्यंत.
तिला कळता कामा नये.

मीटर वाचणाऱ्याने मेन स्विचला हात लावायचा नसतो.
लावला.
समोर नखेत्र, मागे पिवळा बल्ब,
मधल्या काळोख्या खोलीत मी, दोन्ही हातांत दोन फोन,
एकीकडे ती रडतेय, एकीकडे तो नुसता बघतोय,
आणि आवाज एकमेकांना जाऊ नये म्हणून
मी दोन्ही फोन छातीपासून लांब धरलेले.

जानेवारीत आकडा दोनने पुढे.
साहेबांनी चष्मा वर केला. सहा वर्षांनी दोन युनिट?
पाल असेल साहेब, म्हटलं,
आणि शेऱ्याच्या रकान्यात नेहमीसारखं लिहिलं:
घर बंद.