साडेआठचे बारा

वैजूची रात्रपाळी नऊला.
म्हणजे पावणेनऊला चपला पायात,
म्हणजे आमचं नवं वर्ष
साडेआठलाच उरकायला हवं.

मी स्टुलावर चढलो.
सहकारी बँकेनं सभासदांना वाटलेलं घड्याळ
खिळ्यावरून उतरवलं.
मागे बारा महिन्यांची धूळ
आणि पालीचं एक अंडं, वाळलेलं.
जुई म्हणाली, पुसू नको,
ते कुणाचं तरी आहे.

मागचं चाक अंगठ्यानं फिरवलं.
नऊ. सव्वानऊ. दहा.
मोठा काटा सुटला धावत,
धाकटा त्याच्यामागे फरफटत,
आणि निमिष, वय वर्षं अडीच,
कुणीतरी शर्यत जिंकतंय म्हणून टाळ्या पिटतोय.
जुई सहाची आहे.
तिला फसवणं आता महाग पडतं.

"मधले तास कुठे गेले?"

मी घड्याळाच्या पाठीमागे वाकून बघितल्यासारखं केलं.
वैजू अंबाडा घालत होती, दातांत पिन.
"माझ्या पर्समध्ये," तशीच म्हणाली,
"वॉर्डात लागतात मला."
जुईनं पर्स उघडून बघितली नाही.
फक्त चेन
शेवटपर्यंत ओढून घेतली.

खाली गल्लीत डेंझिल आणि कंपनीनं
मोडक्या खुर्चीत म्हातारा बसवलाय:
पेंढ्याचं पोट, पुठ्ठ्याचं तोंड,
एका पायात बूट, एकात स्लिपर,
आणि अंगात माझा चौकड्यांचा शर्ट,
लग्नानंतरचा पहिला, कॉलर विरलेला.
चार दिवस पोरं डबा वाजवत वर्गणी मागतायत,
सरत्या वर्षाला जाळायला पैसे लागतात म्हणे.
दुपारी निमिषनं त्याच्या खिशात,
म्हणजे माझ्याच खिशात,
ग्लुकोजची दोन बिस्किटं कोंबली.
का रे?
"आबाला भू."

तर, दहापासून उलटं मोजायचं ठरलं.
निमिषला उलटं येत नाही,
सुलटंही तीनपर्यंतच येतं.
आम्ही वरून उतरत आलो, तो खालून चढत आला,
तीनवर सगळे एकदमच धडकलो.
स्टीलच्या पेल्यांत कोकम सरबत,
पेल्यावर पेला, ठण्ण,
थोडं नव्या चादरीवर.
वैजूनं दोघांचे गाल घेतले, मग माझा,
घाईत अर्धा कान आला.
जिन्यात तिच्या चपला,
दुसरा मजला, पहिला,
मग डब्याच्या आवाजात दिसेनाशा.

दिसेनाशा म्हटलं खरं. ऐकू येईनाशा.

घड्याळ मला मागे फिरवायचं नव्हतं.
सेल काढून घेतला.
वर्ष त्याच्या पावलानं येईल,
तोवर यानं उभं राहावं.

बाबा, किती वाजले?
बारा.
आता?
बाराच.
लोक म्हणतात, त्या घराचे बारा वाजले.
आमच्या घराचे साडेतीन तास वाजलेलेच होते,
आणि त्यात दोघं गादीवर उड्या मारत होती,
उशीचा कापूस बाहेर,
एकाला शू, एकीला पाणी,
पुन्हा उड्या.
मग एकदम काहीच नाही.
जुईचा पाय माझ्या पोटावर.

सेल मुठीत गरम झालेला.

आणि मग गोदीतून पहिला भोंगा,
कुणी घसा खाकरावा तसा.
मग दुसरा, धक्क्याच्या बाजूनं.
मग सगळीच,
दावणीला बांधलेल्या म्हशी हंबराव्यात तशी जहाजं,
अंधारातून, पाण्यावरून,
जे. जे.च्या खिडक्यांपर्यंत जात असतील का?
गेली तरी ती मान वर करणार नाही,
हातात कुणाचं तरी सलाईन असेल.
खालून पेंढ्याचा धूर, पोरांचा कल्ला,
जळक्या टेरिकॉटचा वास, ओळखीचा.
बिस्किटांचं काय झालं, कोण जाणे.

जुई अर्धवट उठली.
"कोण ओरडतंय?"
जहाजं.
"का?"
बारा वाजले म्हणून.
तिनं भिंतीकडे पाहिलं. बाराच होते.
माझ्याकडे पाहिलं,
जरा कीव केल्यासारखं.
"आत्ता?" म्हणाली,
"त्यांचं घड्याळ मागे पडलंय, बाबा,"
आणि कूस बदलून झोपली.

मी उठून सेल घातला.