वाऱ्याची मोट

माझ्या हत्यारांच्या पेटीत, ड्रिलच्या खाली,
साबणाच्या वडीएवढे राखाडी डबे असतात.
एक गिझरला, एक फ्रीझरला, एक धुण्याच्या यंत्राला.
फॅरो बेटांच्या दक्षिण टोकाला आमचं गाव,
घरं एकोणचाळीस.
अडतीस झाली.
उरली सुन्नेवा.

"माझं पाणी मी म्हणेन तेव्हा तापेल," दारातूनच ती.
"वाऱ्याची मोट बांधायला निघालीस होय गं, बाईन्ता?"

मोटच आहे, मी म्हटलं.
डोंगरावरच्या सात पवनचक्क्या
रात्री दोनला वारं प्यायल्यागत फिरतात,
आणि तेव्हा गाव घोरत असतं. घेणार कोण?
मग भर वाऱ्यात त्यांना थांबवतात.
सकाळी वारा पडलेला असतो,
सगळ्या किटल्या एकदम चढतात
आणि बंदरातलं डिझेल इंजिन खोकायला लागतं.
तुमच्या टाकीत दीडशे लिटर वारा मावेल, सुन्नेवा.
रात्री भरायचा,
सकाळी अंगावर घ्यायचा.

ती हसली नाही.
घरामागे घेऊन गेली मला,
फटीफटींच्या लाकडी खोपटात.
आत मेंढीच्या तंगड्या टांगलेल्या,
आरपार वारा, आंबूस वास.
"ऑक्टोबरपासून नाताळापर्यंत हे वाट बघतं," म्हणाली,
"वारा आला तर सुकतं, नाही आला तर नासतं.
थांबायचं कसं ते मला शिकवू नकोस."

मग कॉफी दिली. मग सांगितलं.

डबे नव्हते तेव्हा याकुप होता,
वीजघरात, रात्रपाळीला.
वारा चढला की फोन फिरवायचा:
सुन्नेवा, ऊठ, धुणं टाक.
अकरा हिवाळे.
दोन वाक्यं, कधी तीन.
एकदा नुसताच श्वास, आणि मागे काट्यांची टिकटिक.
"आता रात्रपाळीच नाही," ती कप विसळत म्हणाली.
"तुझ्या डब्यांना झोप लागत नाही ना."

मला उत्तर सुचलं नाही.
फ्रीझरचं सांगत बसले:
वाऱ्यात उणे पंचविसापर्यंत गारठवून ठेवायचा,
मग वारा नसला तरी दिवसभर
साठवलेल्या थंडीवर निभावतो.
ती ऐकत होती की नाही, कोण जाणे.
शेवटी म्हणाली, "लाव.
पण काही सुरू करू देऊ नकोस त्याला.
नुसतं वाजू दे."

दाराची जुनी घंटा जोडून दिली मी डब्याला.
कंपनीच्या पुस्तकात असली जोडणी नाही.

जानेवारीतल्या वादळाच्या रात्री
मी पडद्यासमोर होते. तीन वाजून सात.
अडतीस घरांच्या रेषा एकदम उठल्या,
एकालाही जाग न येता.
अडतीस टाक्या तापू लागल्या,
कपडे आपापले फिरू लागले अंधारात.

एकोणचाळिसावी रेष आडवीच.

खिडकीतून पाहिलं.
तिच्याकडे दिवा लागला.
मग बंदराच्या पलीकडे, बऱ्याच वेळाने,
याकुपच्या स्वयंपाकघरात.
त्याचं यंत्र केव्हाच सुरू झालेलं होतं,
फोनवर तो तिला काय म्हणाला असेल?

तीन अकराला तिची रेष चढली.

दर महिन्याच्या अहवालात येतं:
घर क्रमांक एकोणचाळीस, चार मिनिटं विलंब,
बिघाड तपासावा.
जाऊन आले, असं लिहिते मी.
जातेही. कॉफी पिते.
घंटेवरची धूळ पुसून येते.