कात्रीवरचं नाव

पासिंगच्या दिवशी आरटीओच्या दारात
आगीचं नळकांडं भाड्यानं मिळतं, चाळीस रुपयांत.
साहेबानं बघितलं की मागच्या टेम्पोवाल्याच्या हातात.
माझं मात्र विकतचं.
पेटीही विकतची, लाल, सीटखाली,
वरचं प्लास्टिक तसंच,
नव्या रिमोटवर ठेवतात तसं.

आतली कात्री कागदही धड कापायची नाही.
आक्काताईनं घरातली दिली.
त्याच आठवड्यात गल्लीत भांड्यांवर नावं घालणारा आलेला;
भाचीच्या लग्नाच्या ताटांबरोबर तिनं तीही पुढं केली.
टिक टिक टिक,
आनंदा भाऊ चौगुले, उचगाव.
"मुद्दाम नाव घालून आणलो," म्हणाली,
"हरवली तर कोण तरी आणून देईल की."

इंगवले वकिलांचं कपाट बावड्याला पोचवलं,
तेव्हा पेटी बघून ते हसले.
"असू दे. उघडू नको.
तू बांधणार, उद्या पाय गेला
तर म्हणतील, ह्याच्या बांधण्यानं गेला.
राहिला तर साक्षीला ये.
पोरगी कितवीत आहे तुझी?
तिच्या हळदीदिवशी तारीख पडेल बघ."

उजळाईवाडीच्या पुलाअलीकडं
मोटरसायकल आडवी पडली होती, चाक फिरत होतं अजून.
एक गाडी बाजूनं गेली. दुसरी गेली.
तिसरी थांबली, फोटो काढला, गेली.
चौथा मी, कास्टिंग भरलेला.
मीही गेलो.
हे आक्काताईलाही सांगितलेलं नाही.
शंभरेक पावलं पुढं जाऊन
कडेकडेनं रिव्हर्स घातला,
आणि त्या अंधारात
माझ्या टेम्पोची रिव्हर्सची सनई
लग्नघरासारखी वाजत राहिली.

प्लास्टिक दातानं फाडलं.
पँट कापली. मांडीतनं रक्त उसळत होतं.
फौंड्रीत शिकवलेलं, वीस वर्षांपूर्वी:
जखमेच्या वर बांध, घट्ट,
त्याचं ओरडणं ऐकू नको,
आणि वेळ लिही.
पट्टीत पाना अडकवून पीळ दिला.
भाड्याचा हिशोब लिहायच्या पेनानं
त्याच्या तळहातावर लिहिलं, अकरा चाळीस.
"मामा," म्हणाला, "घरी सांगू नका."
"न्हाई सांगत," म्हटलं.
अँब्युलन्सचा दिवा दिसला
आणि मी पळालो,
चोरासारखा, नाव विचारतील म्हणून.

घरी आल्यावर कळलं,
नाव तिथंच पडलंय, स्टीलवर कोरलेलं.

सतरा दिवस.
दारात कुणी खाकरलं तरी घास थांबायचा.
स्वप्नात इंगवले वकील पंगतीत वाढत होते
आणि प्रत्येक ताटावर माझं नाव.

अठराव्या दिवशी ठाण्यातनं फोन.
हवालदार साळोखे, चहाचा कप कागदांवर ठेवलेला.
वहीच्या कागदात गुंडाळलेली कात्री सरकवली.
"ही तुमची?"
कसं नाही म्हणणार. "माझी."
"वेळ तुम्ही लिहिली हातावर?"
मी गप्प.
"सीपीआरचे डॉक्टर विचारत होते, कोण हा शहाणा.
नाव सांगायची सक्ती नाही तुमच्यावर.
तसा कायदा आहे. न्या कात्री."
"पोरगं?"
"मिरजेला हलवलं. पुढचं मला ठाऊक नाही."

एवढंच.
मी उठलो, दारापर्यंत आलो, परत गेलो,
म्हटलं, "लिवा माझं नाव. साक्षीला यीन."
त्यांनी पेन शोधलं, सापडेना.
माझंच दिलं, तेच.

परवा पासिंग होतं.
साहेबांनी पेटी उघडली, भुवया चढवल्या.
"प्लास्टिक फाटलंय. पट्टी एक कमी आहे."
मागं रांगेत भाड्याची नळकांडी चकाकत होती.
"कमी न्हाई साहेब," मी म्हटलं,
"वापरलीय."